काळ्या जमिनीची ओळख पटवताना: खड्डा, प्रयोगशाळा, पाऊस आणि उतार यांचा मेळ

परवा एका पाणलोट प्रकल्पावर नव्यानेच रुजू झालेल्या मुलीने मला मृदा आरोग्य पत्रिकेचा फोटो पाठवला. सोबत प्रश्न होता, "सर, यावरून ही माती कोणत्या प्रकारात मोडते ते सांगाल का?" पत्रिकेवर बारा घटक व्यवस्थित भरलेले होते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. तरीही उत्तर देता येईना. ही पत्रिका खताचा डोस ठरवण्यासाठी असते. तिच्यासाठी माती घेतात वरच्या थरातली, साधारण १५ सेंटिमीटरची, आणि जिरायत भागात तर दहा हेक्टरांच्या एका चौकटीला एक नमुना. मातीचा प्रकार ठरतो त्याखालच्या दीड मीटरवर, त्या जागेच्या उतारावर आणि तिथल्या पावसावर.

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मीही हाच गोंधळ घातला होता. प्रयोगशाळेचे आकडे एका फाइलमध्ये, पावसाचे दुसरीत, नकाशा तिसरीत. आणि शेवटी तिन्ही फायली एकामागोमाग चिकटवून "मृदा वर्णन" नावाचं प्रकरण तयार. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "या तीन फायली एकमेकींशी बोलतात का?" त्या बोलत नव्हत्या. ते बोलणं कसं घडवून आणायचं हे मला दुसऱ्या, तिसऱ्या खड्ड्यात उमगलं. तुमचा पहिला खड्डा तरी वाचावा म्हणून हे लिहितो आहे. उदाहरण दख्खनच्या पठारावरच्या काळ्या जमिनीचं घेतलंय, कारण आपल्याकडे ती सगळीकडे भेटते आणि सोपी वाटून हमखास फसवते.

जवळ काय हवं

कागदपत्रं: गावाची टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, १:५०,०००), गट क्रमांक आणि सातबारा, शेतमालकाची परवानगी (तोंडी चालते, पण खड्डा केवढा आणि किती दिवस उघडा राहील ते आधी सांगा), भूवैज्ञानिक नकाशा, जवळच्या पर्जन्यमापकाची किमान ३० वर्षांची आकडेवारी.

खड्ड्यासाठी: टिकाव, फावडं, पहार, घमेली, मोजपट्टी, बोथट सुरी, पाण्याची फवारा-बाटली, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर-बाटली, मनसेल रंगपुस्तिका (मातीचा रंग जुळवायची), जाड प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी आणि शिसपेन्सिल. शिसपेन्सिलच. जेल पेनाने लिहिलेल्या माझ्या अकरा चिठ्ठ्या ओल्या मातीत निळ्या डागांपुरत्या उरल्या होत्या.

संगणकावर: क्यूजीआयएस (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) आणि एक साधी स्प्रेडशीट. तेवढं पुरतं.

१. खड्ड्याआधी उतार वाचा

बेसाल्टच्या प्रदेशात मातीची एक ठरलेली उतरंड असते. सपाट माथ्यावर आणि कड्यालगत वीतभर मुरमाड माती, मधल्या उतारावर मध्यम खोलीची, आणि खाली ओढ्याकाठच्या सपाटीला भारी काळी जमीन. उतारावरून झिजलेली बारीक माती आणि विरघळलेले क्षार पिढ्यान्‌पिढ्या खाली जमत गेले, त्यातून हे घडलं. जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये पूर्व आफ्रिकेत अशाच उतरंडीला कॅटिना, म्हणजे साखळी, असं नाव दिलं. तुमची माती ही त्या साखळीतली एक कडी आहे. वरची आणि खालची कडी पाहिल्याशिवाय मधलीचं वर्णन अर्धवट राहतं.

टोपोशीटवर माथा ते ओढा अशी एक रेघ ओढा आणि तिच्यावर निदान तीन जागा ठरवा. मुख्य खड्डा एकच असला तरी बाकी दोन ठिकाणी नाल्याची कापलेली दरड किंवा विहिरीचा ताजा काठ पाहून घ्या. दरडीचा बाहेरचा थर मात्र हातभर तासून टाकायचा. ऊनपावसाने तिथली घडण बदललेली असते.

उंचीची माहिती इस्रोच्या भुवन पोर्टलवरच्या कार्टोडेममधून किंवा एसआरटीएममधून मिळते. हे अवकाशातून मोजलेले उंचीचे नकाशे. दोन्हींचा कण, म्हणजे पिक्सेल, साधारण ३० मीटरचा. इथे एक सापळा आहे. काळ्या जमिनीचा उतार बहुतेक वेळा १ ते ३ टक्के असतो, म्हणजे ३० मीटरमागे फूटभर ते हातदोन हात. या नकाशांमधली उंचीची चूकच काही मीटरची असू शकते. त्यामुळे एका कणापासून शेजारच्या कणापर्यंतचा उतार काढलात तर हाती गोंगाट येतो. आमराईसुद्धा टेकडी होऊन बसते. डोंगरउतारावर हे नकाशे छान चालतात. सपाटीला लांब अंतरावरचा सरासरी उतार काढा, नाहीतर सरळ डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावा.

आणखी एक सोय म्हणजे एप्रिल-मेमधली सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं. शेतं मोकळी असतात, १० मीटरच्या कणात काळे, करडे, तांबूस पट्टे स्वच्छ दिसतात. ते पट्टे गटांच्या हद्दी पाळत नाहीत. खड्डा पट्ट्याच्या मधोमध घ्यायचा, कडेला नाही.

लहान प्रमाणाचा मृदा नकाशा हाताशी असेल तर जरूर पाहा, पण त्यावर विसंबू नका. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. तिथलं एकेक एकक दोन-तीन मातींचा जथा असतो.

२. शिवारात फिरा आणि विचारा

घाई असेल तर बाकी काहीही टाळा, ही फेरी टाळू नका. विचारायचे प्रश्न साधे आहेत. पाऊस थांबल्यावर वाफसा किती दिवसांनी येतो? ट्रॅक्टर कुठे रुततो? भेगा कधी पडतात, हात किती आत जातो? विहिरीचं पाणी गोडं आहे का?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, एका आजोबांनी पायाने ढेकूळ फोडत मला सांगितलं, "पानी वरतच राह्यते भाऊ, मुरतच नाही." सोडियम जास्त असलं की पाणी मुरत नाही; त्यांच्या शेताचा सोडियमचा अहवाल हाती यायला पुढे दीड महिना लागला. त्यात आजोबांपेक्षा वेगळं काही नव्हतं.

याच फेरीत जमिनीचा इतिहासही विचारून घ्या. तलावातला गाळ कधी टाकलाय का? बांध फोडून सपाटीकरण केलंय का? कालव्याचं पाणी येतं का? माझा पहिला खड्डा नेमका गाळ पसरलेल्या शेतात पडला होता. वरचे ३० सेंटिमीटर दुसऱ्याच गावच्या तलावातले, त्याखाली मूळ माती, आणि मी त्या दोन थरांमधल्या सरळ रेषेचं "थरांतील स्पष्ट सीमा" म्हणून कौतुकाने वर्णन लिहून मोकळा झालो होतो.

३. खड्डा: दोनदा जायचं

काळी जमीन एका भेटीत सगळं दाखवत नाही. भेगा पाहायच्या तर एप्रिल-मे. पण तेव्हा माती दगडासारखी असते, टिकाव उसळून परत येतो. आतली घडण पाहायची तर नोव्हेंबर ते जानेवारी, थोडी ओल शिल्लक असताना. म्हणून खड्डा हिवाळ्यात आणि भेगांची मोजणी उन्हाळ्यात. भर पावसात खड्ड्यात उतरू नका. ओली काळी माती कडेने सरकते आणि दीड मीटरच्या खड्ड्यात माणूस गाडला जाऊ शकतो.

दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल किंवा मुरूम लागेपर्यंत. ज्या बाजूवर ऊन येईल ती पाहायची बाजू. तिच्या काठावर माती टाकू नका, उभे राहू नका. वरची माती एका ढिगात, खालची दुसऱ्या ढिगात.

यापुढचं काम हळूहळू करायचं. फावड्याने तासलेली भिंत गुळगुळीत दिसते आणि काहीच सांगत नाही. सुरीचं टोक खुपसून मातीचा डळा हलकेच आपल्याकडे ओढा, त्याला स्वतःच्या सांध्यावर तुटू द्या. वरच्या वीतभरात डळे दाणेदार, भुसभुशीत निघतात. ४०-५० सेंटिमीटरखाली गेलात की ढेकूळ तिरकं सुटतं, पाचरीसारखं, आणि सुटलेली बाजू उन्हात चकाकते. बोट फिरवा. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत लागतं आणि नीट पाहिलं तर बारीक समांतर ओरखडे दिसतात. हे स्लिकनसाइड. ओली माती फुगते, तिला जागा पुरत नाही, मग एक लगदा दुसऱ्यावर घासत तिरका सरकतो. त्या घासण्याची ही खूण. भेगा पुष्कळ मातींना पडतात. स्लिकनसाइड मात्र ढोंग करत नाहीत.

डळ्याचा कल मोजा, मोबाइलमधली लेव्हल चालते. वर्गीकरणाला (म्हणजे अमेरिकी सॉइल टॅक्सॉनॉमीला, शेवटी नाव तिच्यातूनच द्यायचंय) पाचरींचा लांब अक्ष आडव्या रेषेपासून १० ते ६० अंशांत कललेला लागतो. आणि ज्या थरात स्लिकनसाइड किंवा अशा पाचरी आहेत तो जमिनीपासून १०० सेंटिमीटरच्या आत सुरू होणारा आणि किमान २५ सेंटिमीटर जाड हवा. एखादी चकाकी दिसली म्हणजे काम झालं असं नाही.

थरांच्या सीमा पाडल्यावर प्रत्येक थराचा ओला रंग रंगपुस्तिकेशी लावा. फवारा मारा, चकाकी जाऊ द्या, मग पाहा, गॉगल काढून. १० वायआर ३/१ किंवा ३/२ असे रंग नेहमीचे. काळा रंग पाहून "सेंद्रिय पदार्थ भरपूर" असं लिहून टाकायचा मोह होतो. तो आवरा. दख्खनच्या बहुतेक काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या आतच असतो. थोडकाच ह्युमस (कुजलेला सेंद्रिय अंश) चिकणमातीशी घट्ट बांधला गेल्याने हा काळेपणा येतो, असं मानतात.

आता आम्लाचा थेंब. वरपासून खालपर्यंत प्रत्येक थरावर टाका आणि फसफस कुठे वाढते ते लिहा. पांढरे, हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे कोणत्या खोलीपासून सुरू होतात तेही लिहा. पाऊस साधारण कुठवर झिरपतो त्याचा हा एक माग आहे. पायरी ७ मध्ये तो लागणार आहे.

४. नमुने

खालच्या थरापासून सुरुवात, म्हणजे वरची माती खाली सांडून नमुना बिघडत नाही. प्रत्येक थराची किलोभर माती, शिवाय मुठीएवढे न फुटलेले तीन डळे, कागदात गुंडाळून डब्यात. हे डळे विसरलात तर घनता आणि आकुंचन मोजता येणार नाही आणि पुन्हा खड्डा खणावा लागेल. चिठ्ठी पिशवीच्या आतही, बाहेरही.

माती सावलीत वाळवा, लाकडी मोगरीने कुटा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. चुनखडीचे खडे कुटून मातीत मिसळू नका. वेगळे काढा, वजन करा, नोंदवा.

५. प्रयोगशाळा: काय मागायचं, काय तपासायचं

"पूर्ण तपासणी करून द्या" असं सांगितलंत तर खताची तपासणी मिळेल. यादी लिहून द्या: कणांचं प्रमाण (वाळू, पोयटा, चिकण), सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना, धनभार विनिमय क्षमता (चिकण किती कॅल्शियम-सोडियमसारखे धनभार धरून ठेवू शकते ते), विनिमययोग्य कॅल्शियम-मॅग्नेशियम-सोडियम-पोटॅशियम, ओल्या आणि कोरड्या डळ्याची घनता, ३३ आणि १५०० किलोपास्कल दाबाला धरलेलं पाणी (पहिलं जादा पाणी निथळल्यावर उरणारं, दुसरं पीक कोमेजतं तेव्हाचं), संपृक्त जलवाहकता (भिजलेल्या मातीतून पाणी किती वेगाने जातं ते). प्रत्येक आकड्याशेजारी पद्धत लिहून मागा. ती नसेल तर आकडा वापरता येत नाही.

मी ज्यांत पडलो किंवा इतरांना पडताना पाहिलं ते सापळे असे.

*पोयट्याची व्याख्या.* आंतरराष्ट्रीय पद्धतीत पोयटा ०.००२ ते ०.०२ मिलिमीटर, अमेरिकी पद्धतीत ०.००२ ते ०.०५. आपल्याकडे कण मोजायची पिपेट बहुधा पहिल्या पद्धतीने चालते आणि पोताचा त्रिकोण मात्र दुसऱ्या पद्धतीचा छापलेला असतो. चिकणाचा आकडा दोन्हींत तोच राहतो, पण वाळू-पोयट्याची अदलाबदल होऊन पोताचं नाव चुकतं.

*अर्धवट सुटलेले कण.* एकदा मला ५० सेंटिमीटरखालच्या थरात चिकण ३८ टक्के आलं. जमिनीच्या भेगेत अख्खी मूठ जात होती, अहवाल सांगत होता मध्यम भारी. कोणाचं खरं? त्याच थराने १५०० किलोपास्कलला २५ टक्के पाणी धरलं होतं. २५ भागिले ३८ म्हणजे ०.६६. हे गुणोत्तर ०.६ च्या वर गेलं की समजायचं, कण नीट सुटलेले नाहीत. चिकणाचे गोळे पोयटा म्हणून मोजले गेलेत. चौकशी केली तेव्हा कळलं, चुना न काढताच माती हलवली होती. चुना आणि सेंद्रिय पदार्थ काढून, कण सुटे करणारं हेक्झामेटाफॉस्फेट घालून रात्रभर हलवल्यावर चिकण आलं ६१ टक्के, गुणोत्तर ०.४१. तेव्हापासून हा भागाकार केल्याशिवाय मी चिकणाचा एकही आकडा वापरत नाही.

*शंभराच्या वरची संपृक्तता.* चुनखडीच्या मातीत अमोनियम ॲसिटेट (धनभार काढायचं द्रावण) विनिमयाचं कॅल्शियम तर काढतंच, वर थोडा चुनाही विरघळवतं. मग सगळ्या धनभारांची बेरीज विनिमय क्षमतेपेक्षा जास्त भरते आणि संपृक्तता, म्हणजे त्या दोन्हींचं गुणोत्तर, १२०-१३० टक्के दिसते. विद्यार्थी घाबरून आकडे "सुधारतात". सुधारू नका. पद्धत लिहा आणि त्या कॅल्शियमच्या आकड्यावर निष्कर्ष बांधू नका.

*क्षारतेची दोन मापं.* ४ डेसीसायमन प्रतिमीटर ही खारवट जमिनीची प्रसिद्ध मर्यादा संपृक्त अर्काची आहे. आपल्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा १:२.५ पाण्यात मोजतात. तिथला आकडा पातळ झालेला असतो. दोन्हींची थेट तुलना केलीत तर खारवट जमीनही निर्दोष ठरते.

*कर्बाचा गुणक.* वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, म्हणून १.३ ने गुणतात. प्रयोगशाळेने गुणून दिलाय की नाही ते विचारा. नाहीतर दोनदा गुणला जातो.

तपासून झाले की आकड्यांना कामाला लावा. समजा तुमच्या खड्ड्यात चिकण असं आहे: ०-१८ सेंटिमीटर ५४ टक्के, १८-४५ ला ५७, ४५-९० ला ६२, ९०-१४० ला ६३. चारांची सरासरी ५९. पण वर्गीकरणाला लागतो २५ ते १०० सेंटिमीटरचा भारित आकडा: २० सेंटिमीटर ५७ चे, ४५ सेंटिमीटर ६२ चे, १० सेंटिमीटर ६३ चे. बेरीज ४५६०, भागिले ७५, म्हणजे ६०.८. साठाच्या खाली "फाइन", साठ आणि वर "व्हेरी फाइन". साध्या सरासरीने मातीचं कूळच बदललं असतं.

तिसऱ्या थराची विनिमय क्षमता ५६ असेल तर ५६ भागिले ६२ म्हणजे ०.९. ०.६ च्या वरचं हे गुणोत्तर फुगणाऱ्या स्मेक्टाइट खनिजाकडे बोट दाखवतं. न फुगणाऱ्या केओलिनाइटची माती इतका भार धरत नाही. शिक्कामोर्तब क्ष-किरण विवर्तनाने होतं, पण ती सोय नसेल तर हा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे.

आकुंचनासाठी: कोरड्या डळ्याची घनता १.८५, ओल्याची १.३५. भागाकार १.३७, त्याचं घनमूळ १.११, वजा एक: ०.११. या आकड्याला कोल म्हणतात. ०.०६ च्या वर गेला की जमीन जोरात फुगते-आकसते. ०.११ म्हणजे घराचा पाया टाकताना दोनदा विचार करावा अशी जमीन.

६. हवामान: सरासरी पाऊस पुरत नाही

"वार्षिक सरासरी पाऊस ७५० मिलिमीटर" या एका ओळीवर बहुतेक अहवालांचं हवामान संपतं. मातीच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: वर्षातले किती दिवस ती ओली आणि किती दिवस कोरडी?

भारतीय हवामानशास्त्र विभागाची दैनिक पावसाची जाळी पाव अंशाची आहे, म्हणजे साधारण २५-२८ किलोमीटरचा एक चौकोन. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे जवळचे, पण त्यांत खंड असतात. मी जाळीतून ३० वर्षांचा कल घेतो आणि मंडळाच्या आकड्यांनी तो तपासतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असाल तर जाळीवर अजिबात भरवसा नको. तिथे वीस किलोमीटरमध्ये पाऊस निम्म्यावर येतो.

मग महिन्याचा ताळेबंद मांडा: जमा बाजूला पाऊस, खर्चाला हवेची पाण्याची मागणी, म्हणजे संभाव्य बाष्पोत्सर्जन. समजा जूनला पाऊस १५०, मागणी १७०. जुलै १९० आणि १२५, ऑगस्ट १६० आणि ११५, सप्टेंबर १६० आणि ११५. जूनमध्ये काही उरलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत ६५, ४५, ४५ असं १५५ मिलिमीटर शिल्लक. ऑक्टोबरला ६० ची तूट, नोव्हेंबरला ९५ ची.

आता प्रयोगशाळेची फाइल उघडा. तयार साच्यांत मातीची साठवण बहुधा १०० मिलिमीटर धरलेली असते. तसं केलं तर ५५ मिलिमीटर वाहून गेलं, ऑक्टोबरने ६० खाल्ले, उरलेले ४० नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपले. पण तुमच्या मातीने ३३ ला ४० टक्के आणि १५०० ला २४ टक्के पाणी धरलंय. फरक १६, गुणिले घनता १.३५, म्हणजे मीटरभर खोलीत २१६ मिलिमीटर. अख्खे १५५ मुरले तर ओल नोव्हेंबरअखेरपर्यंत पुरते. पाऊस तोच, पण पंधरवडा वाढला. सोलापूर-मंगळवेढ्याकडची जिरायत रब्बी ज्वारी याच साठ्यावर उभी असते.

"मुरले तर" हे शब्द महत्त्वाचे. सोडियमने चिकण विखुरलेली असेल तर कागदावर २१६ दिसतात आणि जमिनीत त्याच्या निम्मेही शिरत नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यात विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या पुस्तकी मर्यादेखाली असतानाही पाणी तुंबलेलं मिळतं. म्हणून जलवाहकता मोजून घ्या, सोडियमच्या टक्केवारीवर थांबू नका.

तापमानाची एक गंमत. ५० सेंटिमीटर खोलीवर मातीचं वार्षिक सरासरी तापमान २२ अंश किंवा अधिक असेल आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक ६ अंश वा जास्त असेल तर मातीचा तापमान-वर्ग हायपरथर्मिक. फरक कमी असेल तर आयसोहायपरथर्मिक. पण या व्याख्येतला उन्हाळा म्हणजे जून-जुलै-ऑगस्ट! आपला तर तो पावसाळा. मे महिन्याचं तापमान घालून फरक काढलात तर पश्चिम महाराष्ट्रातली माती चुकून विदर्भाच्या वर्गात जाऊन बसते.

आणि बागायत. वर्गीकरण मातीला पाणी न देता काय होतं ते विचारतं. उसाच्या शेतात भेगा पडत नाहीत म्हणून ती जमीन "न भेगाळणारी" ठरत नाही. शेजारच्या जिरायत गटात मोजा.

७. तिन्ही फायली समोरासमोर

एका कोऱ्या कागदावर उभी रेघ काढा, खोलीचा अक्ष म्हणून. डावीकडे खड्ड्यातलं वर्णन, मध्ये प्रयोगशाळा, उजवीकडे पाणी कुठवर पोहोचतं त्याचा हिशोब. वरच्या कोपऱ्यात उतरंडीतली जागा. मग विसंगती शोधा.

चुनखडीचे खडे २० सेंटिमीटरवरच सुरू होतात आणि पाऊस १००० मिलिमीटर? एकतर वरची माती धुपून गेलीय किंवा खडे वरून वाहत आलेत, उतार पाहा. खडे गुळगुळीत, घासलेले असतील तर वाहून आलेले. चिकण प्रत्येक थरात सारखीच पण वाळूच्या प्रमाणात एकदम उडी? तिथे नदीने वेगळा गाळ टाकलाय. इतकी स्मेक्टाइट आजच्या कमी पावसात तयार झाली कशी? बहुधा नाहीच झाली. दख्खनच्या या चिकणाचा बराच भाग पूर्वीच्या अधिक ओल्या हवामानात तयार होऊन खाली वाहत आला, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आजचा पाऊस चुना आणि सोडियमचा खुलासा करतो, चिकणाचा नाही. नवशिक्यांचे अहवाल इथेच घसरतात: प्रत्येक गुणधर्म आजच्या हवामानाला चिकटवतात.

जुळत नाही तिथे आकडा दडपू नका. डळे शिल्लक असतील तर पुन्हा तपासा, नसतील तर "विसंगत" असं स्पष्ट लिहा.

८. नाव देणं

हे काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी वेळाचं. व्हर्टिसॉल (फुगणारी-भेगाळणारी भारी जमीन) म्हणायला स्लिकनसाइडचा थर, ५० सेंटिमीटरपर्यंत सगळीकडे किमान ३० टक्के चिकण, आणि उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा हव्यात. भेगा (५ मिलिमीटर वा अधिक रुंद, २५ सेंटिमीटर जाडीतून जाणाऱ्या) वर्षात एकूण ९० दिवस किंवा जास्त उघड्या राहिल्या तर अस्टर्ट हा उपवर्ग. वेगळं काही ठळक नसेल तर हॅप्लस्टर्ट. त्यात भेगा १५० पेक्षा कमी दिवस उघड्या तर युडिक, २१० किंवा अधिक तर ॲरिडिक, १०० सेंटिमीटरच्या आत सोडियम १५ टक्के वा जास्त तर सोडिक. भेगांचे दिवस शेतकऱ्याला विचारून आणि ताळेबंदातून, दोन्ही वाटांनी काढा.

सगळं आहे पण स्लिकनसाइडचा थर २५ ऐवजी १५ सेंटिमीटरच भरतो? मग ती व्हर्टिक हॅप्लस्टेप्ट, म्हणजे व्हर्टिसॉलकडे झुकणारी पण तिथवर न पोहोचलेली माती. उतरंडीत मधल्या कडीला हेच बहुधा मिळतं. ओढूनताणून व्हर्टिसॉल करू नका.

खड्डा बुजवताना खालची माती खाली, वरची वर. आणि निघण्यापूर्वी शेतमालकाला एक पान मराठीत लिहून द्या: मुरूम किती खोल, चुनखडी कुठून, चोपण (सोडियमने बिघडलेली माती) आहे का आणि कितव्या फुटापासून. फळबाग लावायची की नाही हे ते त्या पानावरून ठरवतात. हॅप्लस्टर्टचा त्यांना उपयोग नाही.